पावसाळ्यातलं कोंबड्यांचं आवार: चिखल आणि वासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेच्या शेवटापासून गणपतीपर्यंत आमच्याकडे येणारे प्रश्न दरवर्षी जवळजवळ तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत मागीलदारी पाच ते तीस कोंबड्या पाळणाऱ्या घरांसाठी आहेत. 'आवार' म्हणजे जाळीने वेढलेली फिरायची जागा आणि 'खुराडं' म्हणजे रात्री कोंडायची बंद जागा, असं धरलं आहे.

१. रोज खराट्याने झाडतो, तरी वास जात नाही. असं का?

वास शिटेचा कमी आणि ओलीचा जास्त असतो. कोंबडीच्या शिटेतला पांढरा भाग म्हणजे युरिक आम्ल. ते कोरडं राहिलं तर फारसा वास मारत नाही. ओल मिळाली की जिवाणू त्याचा अमोनिया करतात आणि नाकाला झोंबतो तो हाच. त्यात चिखल तुडवला जाऊन हवा कोंडली, तर सडक्या अंड्यासारखा दुसरा वास सुरू होतो.

आता पाणी येतं कुठून ते पाहा. एक मोठी कोंबडी दिवसाला साधारण १०० ग्रॅम शीट टाकते आणि त्यात तीन-चतुर्थांश पाणी असतं. म्हणजे दहा कोंबड्यांचं मिळून पाऊण लिटर. उलट १० × २० फुटांच्या उघड्या आवारावर दिवसभरात १०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि आषाढात तसा पडतोच, तर १,८६० लिटर पाणी जमिनीवर येतं. वरच्या उतारावरून वाहत येतं ते वेगळंच. झाडल्याने पाऊण लिटरवर उपाय होतो, अठराशे लिटरवर नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी बाहेरचं पाणी वळवायचं (प्रश्न ४), मग वरचं अडवायचं (प्रश्न ५), मग जमीन भरायची (प्रश्न ६) आणि शेवटी गादी, म्हणजे वर पसरायचा तुसाचा किंवा सुक्या पानांचा थर (प्रश्न ८). हा क्रम उलटा केला की पैसे जातात आणि चिखल राहतो.

२. पावसाळा चालू आहे, आवारात घोटाभर चिखल आहे. आज, आत्ता काय करू?

सगळं आवार आज सुधारणार नाही, त्यामुळे त्यातला एक कोपरा सुधारा. खुराड्याला लागून असलेली सर्वांत उंच बाजू निवडा, दर कोंबडीमागे ४ चौरस फूट धरा आणि कोंबड्या तेवढ्यातच ठेवा.

त्या कोपऱ्यातला वरचा ३-४ इंच काळा, बुळबुळीत थर फावड्याने काढा. खाली तांबडी घट्ट जमीन लागली की थांबा. वर ताडपत्री ताणा, पण एक बाजू दुसरीपेक्षा निदान दीड-दोन फूट खाली ठेवा. सपाट ताणलेल्या ताडपत्रीत पाण्याचा फुगा धरतो आणि रात्रीत दोरी तुटते. पाणी पडणाऱ्या बाजूला कुदळीने वीतभर खोल पाट काढून ते बाहेर सोडा. मग चिऱ्याचे तुकडे किंवा खडी पसरा आणि वर सुका पातेरा (झाडांची गळलेली पानं) किंवा तूस किमान ४ इंच घाला. दोन माणसं असली तर अर्ध्या दिवसाचं काम आहे.

गमबूट आणि हातमोजे घालूनच उतरा. कोंबड्यांचं खाद्य असतं तिथे उंदीर असतात, आणि उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या चिखलातून पायाच्या भेगांवाटे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) होतो. पायाला जखम असेल तर हे काम दुसऱ्या कुणाला द्या. नंतर ताप आणि पोटऱ्या दुखू लागल्या तर डॉक्टरांना चिखलात काम केल्याचं आवर्जून सांगा.

३. चिखलावर सरळ पेंढा टाकला तर?

दोन दिवस बरं दिसतं. तिसऱ्या दिवशी पेंढा चिखलात तुडवला जातो, आतून कुजतो आणि वास दुप्पट होतो. शिवाय भिजलेल्या पेंढ्याला बुरशी धरते, ती कोंबड्यांच्या फुप्फुसात जाते आणि पिल्लं तर त्याने धापा टाकून मरतात. आधी चिखल काढा, मगच काहीही पसरा.

४. बाहेरून येणारं पाणी वळवायचं कसं?

पहिल्या मोठ्या सरीत छत्री घेऊन आवारापाशी दहा मिनिटं उभे राहा. पाणी कुठल्या कोपऱ्यातून शिरतं, कुठे तुंबतं, घराची पागोळी कुठे पडते, हे डोळ्यांनी दिसतं. तिथेच खुंट्या ठोकून ठेवा. उघडीप झाली की त्या जागा आठवत नाहीत.

उताराच्या वरच्या अंगाला, जाळीपासून दोन फूट सोडून, एक फूट रुंद आणि एक फूट खोल चर काढा. तो आवाराला वळसा घालून खालच्या बाजूला निघाला पाहिजे. चराला दर १० फुटांना अडीच इंच उतार पुरे. जास्त दिला तर तांबडी माती कापली जाते, कमी दिला तर पातेऱ्याने तुंबतो. काढलेली माती आवाराच्या बाजूला बांधासारखी थापा. चर आगोटीच्या कामांतच, मृगाच्या आधी काढायचा आणि जुलै-ऑगस्टमध्ये दर आठवड्याला त्यातला पाला काढायचा.

खूप जणांच्या खुराड्यावर घराची पागोळीच पडत असते. तिथे पन्हळ लावणं हे सगळ्या चरांपेक्षा महत्त्वाचं काम आहे. कौलांच्या किंवा पत्र्याच्या १०० चौरस फुटांवरून १०० मिलिमीटर पावसात सव्वानऊशे लिटर पाणी एका रेषेत खाली येतं.

चराचं पाणी विहिरीकडे सोडू नका. आपला जांभा सच्छिद्र असतो. शिटेचं पाणी त्यातून पटकन झिरपून विहिरीला लागतं. आवार आणि खताची जागा विहिरीच्या खालच्या अंगाला, निदान ५० फूट लांब असावी.

५. संपूर्ण आवारावर छप्पर हवंच का? शेडनेट चालेल का?

शेडनेट पाऊस अडवत नाही. थेंब बारीक करून आत सोडतं, आणि ऊन अडवल्यामुळे जमीन वाळतही नाही. पावसाळ्यात ते काढून ठेवलेलं बरं.

कोकणात वर्षाला साधारण २५०० ते ३५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. एवढ्या पावसात निदान अर्धं आवार पक्क्या छपराखाली असल्याशिवाय कोरडं राहत नाही, हे आमचं स्पष्ट मत आहे. मागची बाजू साडेपाच फूट, पुढची सात फूट उंच घेतली तर पाणी एकाच बाजूला पडतं आणि माणसाला आत वाकावं लागत नाही. पत्रा जाळीच्या बाहेर अडीच-तीन फूट येऊ द्या. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून तिरका येतो, त्यामुळे कमी पागोळी ठेवली की आतली चार फूट गादी भिजते. त्या बाजूला नारळाचे झाप बांधा, पण वर छपराखाली वीतभर ते एक फूट फट मोकळी ठेवा. गरम, ओलसर हवा वरूनच निघते. ती कोंडली तर पावसाचा थेंब न पडताही गादी ओली होते.

पत्रा नुसत्या खिळ्यांवर सोडू नका. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने रायगड-रत्नागिरीत किती पत्रे उडाले ते सगळ्यांनी पाहिलं आहे. जे-हुक लावा आणि वाशांना जाड तारेने खांबाशी जखडा.

६. जमीन भरायची कशी? किती माल लागतो?

१० × २० फुटांच्या आवारासाठी हिशोब असा. सर्वांत खाली ४ इंच खडी, अर्धा-पाऊण इंची: सुमारे ६७ घनफूट, म्हणजे पाऊण ब्रासला थोडी कमी. तिच्यावर जुनी शेडनेट अंथरा, नाहीतर वरची वाळू पहिल्या महिन्यात खडीत उतरते. त्यावर ३ इंच जाड क्रशसँड (दगड फोडून केलेली वाळू): ५० घनफूट, म्हणजे अर्धा ब्रास. खडी टाकण्याआधी जमिनीला चराकडे उतार द्या. जमीन सपाट राहिली तर खडीच्या पोटात पाणी साठतं आणि वरून कोरड्या दिसणाऱ्या आवाराला खालून वास येत राहतो.

क्रशरवरची पिठासारखी कच घेऊ नका. ती ओली झाली की थापल्यासारखी बसते आणि पाणी खाली जाऊ देत नाही. चिरेखाणीचा भुगाही नको, त्यात चिकणमाती असते आणि त्याचा पुन्हा तांबडा चिखल होतो. चिऱ्याचे मोठे तुकडे मात्र खडीखालच्या थराला चालतात.

सगळ्या आवाराला खर्च परवडत नसेल तर दाराचा चौक, पाण्याची जागा आणि पागोळीची रेघ एवढंच भरा. चिखलाची सुरुवात बहुतेक वेळा याच तीन ठिकाणी होते. दारात तर चार चपटे दगड बसवले तरी फरक दिसतो.

७. किनारा जवळ आहे. समुद्राची वाळू आणली तर?

नको. एक तर किनारा नियमन क्षेत्रातून वाळू उचलायला कायद्याने बंदी आहे. दुसरं, त्या वाळूतलं मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे ती दमट राहते. तिसरं, कोंबड्या वाळूचे कण टिपून खातात आणि जास्त मीठ त्यांना बाधतं. मग त्या पाणी खूप पितात आणि पातळ शिटतात, म्हणजे ओल आणखी वाढते.

८. गादीला काय घालावं? आमच्याकडे तूस, पातेरा, नारळाची सोडणं, वखारीचा भुसा असं सगळं मिळतं.

भाताचं तूस आम्हाला सर्वांत बरं वाटतं. ते फार पाणी धरत नाही, चिकटत नाही, वर-खाली करायला हलकं असतं आणि भातगिरणीवर मिळतं. १०० चौरस फुटांवर ३ इंच थराला २५ घनफूट लागतं. तांदळाच्या ५० किलोच्या गोणीत दाबून साधारण अडीच घनफूट तूस बसतं, तेव्हा दहा गोण्या सांगा. मार्च-एप्रिलमध्येच भरून पडवीत रचून ठेवा, जुलैत मिळतं ते अर्धं भिजलेलं.

पातेरा फुकट आहे आणि आपल्याकडे भरपूर आहे. आंब्या-काजूची, फणसाची जाड पानं महिनाभर टिकतात. किनाऱ्यालगत सुरूच्या झाडाच्या काड्या मिळतात, त्या तर फार चांगल्या, कारण त्यांचा थर पोकळ राहतो आणि पाणी निथळतं. पातेरा शिमग्यानंतर गोळा करून गोणीत भरा. भाजावळीत जाळून टाकण्याआधी दहा-पंधरा गोण्या कोंबड्यांसाठी बाजूला काढल्या तर पावसाळा निघतो.

काथ्याचा भुसा स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी शोषतो. हा त्याचा गुण छपराखाली कामाचा, पण उघड्यावर तो स्पंज होऊन बसतो. अख्खी सोडणं आवारात टाकू नका. उताणी पडली की वाटीसारखं पाणी धरतात, त्यात डास होतात आणि डासांमुळे कोंबड्यांना देवी पसरते.

वखारीचा भुसा जाड रंध्याचा असेल तर उत्तम. करवतीचं बारीक पीठ धूळ करतं आणि लहान पिल्लं ते खाऊन बसतात. प्लायवूडचा किंवा औषध मारलेल्या लाकडाचा भुसा घेऊच नका.

काजूची टरफलं अजिबात नकोत. त्यांतल्या तेलाने माणसाची कातडी भाजते, मग कोंबडीच्या पायांचं काय होईल ते सांगायला नको. पेंढा वापरायचाच तर बोटभर तुकडे करून, अख्ख्या पेंढ्याची चटई होते आणि तिच्याखाली शीट सडते.

९. गादी किती ओली चालते? कसं ओळखायचं?

मूठभर गादी घ्या आणि घट्ट दाबून हात उघडा. गोळा तसाच राहिला आणि तळव्याला ओल लागली, तर गादी फार ओली आहे. गोळा होऊन बोटाने टोचताच विस्कटला, तर बरोबर. गोळा झालाच नाही आणि धूळ उडाली, तर फार कोरडी. बरोबर गादीत ओल साधारण २० ते २५ टक्के असते. ३० च्या वर गेली की खपल्या धरतात.

ही मूठ एकाच जागेची घेऊ नका. पाण्याच्या भांड्याखाली, कोंबड्या रात्री बसतात त्या दांडीखाली आणि पश्चिमेच्या कडेला अशी तीन ठिकाणी पाहा. भांड्याखाली बहुधा तव्यावरच्या घावनासारखी एक सलग, चकचकीत खपली सुटते. ती उचलून बाहेर काढायची, मोडून गादीत मिसळायची नाही.

दुसरी परीक्षा नाकाची. पहाटे कोंबड्या बाहेर सोडण्याआधी खुराड्यात वाकून, कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर श्वास घ्या. आपण उभे असतो तिथे वास कमी असतो, त्या बसतात तिथे जास्त. डोळे चुरचुरले तर उपायाला उशीर झालेला आहे, त्या दिवशीच ओली गादी काढा.

पावसाळ्यात गादी रोज दाताळ्याने वर-खाली करा. दोन मूठ भात किंवा नाचणी गादीत विखुरली तर बरंचसं काम कोंबड्याच करतात. आठवड्याला एक-दोन घमेली कोरडं तूस वरून घालत राहा. तीन इंचांनी सुरू केलेली गादी सप्टेंबरपर्यंत सहा-सात इंच व्हायला हरकत नाही.

१०. चुना मारला की वास जातो ना?

ओल्या शिटेवर चुना मारला की वास आधी वाढतो. ओलीत विरघळून बसलेला अमोनिया चुन्यामुळे मोकळा होतो आणि एकदम हवेत येतो. कोंबड्या आत असताना हे केलं तर त्यांच्या डोळ्यांना इजा होते.

चुन्याची जागा दुसरी आहे. ओला थर काढून झाला, जमीन उघडी पडली, कोंबड्या बाहेर आहेत, अशा वेळी विरलेला चुना पातळ भुरभुरा, वर नवी गादी घाला आणि मग कोंबड्या आत घ्या. कळीचा चुना कधीच नको, तो ओल लागताच तापतो आणि पाय भाजतो. गादी हलवतानाच वास खाली आणायचा असेल तर सिंगल सुपर फॉस्फेटची भुकटी बरी, १०० चौरस फुटांना एक किलो, गादीत नीट मिसळून. ते अमोनिया धरून ठेवतं आणि पुढे खतालाही उपयोगी पडतं.

चुलीतली राख कोरड्या कोपऱ्यात मातीत मिसळून धूळस्नानाला ठेवा, उवा-पिसवांना ती चांगली. ओल्या गादीवर मात्र टाकू नका, ती चुन्यासारखंच करते.

११. फिनाईल किंवा ब्लीचिंग पावडर?

मातीवर आणि गादीवर दोन्हींचा उपयोग नाही, कारण शेण-मातीत त्यांचा जोर संपतो. ब्लीचिंग पावडर तर शिटेवर टाकूच नका, अमोनियाशी मिळून विषारी वायू तयार होतो. धुऊन स्वच्छ केलेली भांडी आणि सिमेंटचा ओटा यांनाच ती वापरा आणि पुन्हा साध्या पाण्याने धुवा.

१२. एवढ्या जागेत किती कोंबड्या मावतील?

खुराड्यात दर कोंबडीला २ ते ३ चौरस फूट, आवारात १० चौरस फूट, दांडीवर ८ ते १० इंच. गिरिराज, वनराजसारख्या भारी कोंबड्यांना थोडं जास्तच द्या. कोरड्या मुलखातून आलेली मापं आपल्या पावसाला पुरत नाहीत. सगळं करूनही वास राहत असेल तर कोंबड्या मोजा. २०० चौरस फुटांत ४० असतील तर दुसरा उपाय शोधू नका.

१३. पाण्याच्या भांड्याभोवती कायम चिखल होतो.

भांडं कोंबडीच्या पाठीच्या उंचीला टांगा, म्हणजे ती पायाने माती उडवत नाही आणि चोच झटकताना कमी सांडतं. खाली दीड × दीड फुटाची लाकडी चौकट, वर जाळी, आत खडी अशी बैठक करा. सांडलेलं पाणी खडीत जातं आणि कोंबडीला ते तुडवता येत नाही. निपल, म्हणजे चोच लावली की थेंब थेंब पाणी सोडणारी तोटी, लावता आलं तर सर्वांत उत्तम. जमत असेल तर पाणी छपराच्या अगदी कडेला, निचऱ्याच्या बाजूला ठेवा, खाद्य मात्र आत.

१४. मासळीची डोकी, कोलंबीची सालं घालतो. त्याने वास वाढतो का?

वाढतो, आणि माशाही येतात. घालायचं तर उकडून, पसरट थाळ्यात आणि तासाभरात उरेल ते उचलून. जमिनीवर फेकलेलं गादीत गाडलं जातं. रोज भरपूर मासळी घातली तर अंड्यालाही उग्र वास लागतो.

१५. माशा आणि अळ्या फार झाल्या आहेत. कोंबड्या खातात, मग चालेल ना?

दमट उकाड्यात अंड्यापासून माशी व्हायला सात ते दहा दिवस लागतात. म्हणून ओल्या जागा आठवड्यातून दोनदा काढल्या तर माशीची पिढी पुरी होत नाही. रात्रीची शीट सगळी दांडीखाली पडते. तिथे पत्रा किंवा फळी ठेवा आणि रोज सकाळी खरवडून खताच्या ढिगात टाका. पाच मिनिटांच्या या कामाने निम्मा त्रास जातो.

गादीतल्या अळ्या कोंबड्यांनी खाल्ल्या तर हरकत नाही. पण मेलेला उंदीर, मेलेलं पिल्लू किंवा सडलेली मासळी यांवरच्या अळ्या खाऊन विषबाधा होते. पाय लुळे पडतात, मग मान टाकते. असं दिसलं तर आधी आवारात मेलेलं काही सापडतं का ते शोधा आणि खोल पुरा.

१६. पिल्लांच्या शिटेत रक्त दिसतं. याचा ओलीशी संबंध आहे का?

थेट आहे. ही बहुधा रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस. तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांना ती सर्वांत जास्त धरते. शिटेतून पडलेली परोपजीवीची बीजं ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत लागण करायला तयार होतात. कोरड्या गादीत त्यांना ते जमत नाही. आपला जुलै त्यांना अगदी मानवतो.

पिल्लं त्याच दिवशी कोरड्या जागी हलवा आणि ताजी शीट घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. अ‍ॅम्प्रोलियम पाण्यातून देतात, पण मात्रा डॉक्टरांकडूनच घ्या. नेहमीच्या जंतुनाशकांनी ही बीजं मरत नाहीत. गादी पूर्ण काढून लांब ढिगात घाला, जमीन वाळवा, सिमेंट असेल तर ब्लोलँपने भाजून काढा. मोठ्या कोंबड्यांच्या ओल्या आवारात पावसाळ्यात पिल्लं सोडूच नका.

१७. काढलेली गादी सरळ नारळाला घातली तर?

ताजी घालू नका, मुळं भाजतात आणि पावसात निम्मं खत वाहून जातं. उंचवट्यावर तीन फूट लांब-रुंद-उंच ढीग करा. दांडीखालची निव्वळ शीट असेल तर एक घमेलं शिटेला दोन-तीन घमेली पातेरा घाला. गादीत आधीच तूस-पाला असेल तर त्याला अर्धा पुरे. वर झावळ्या आणि ताडपत्री घाला. दोन-तीन दिवसांत हात घालवणार नाही इतका ढीग तापला पाहिजे. नाही तापला तर तो फार ओला आहे, पातेरा वाढवा. आठवड्याला एकदा उलथा. अडीच-तीन महिन्यांत वास मरतो, ढीग गार होतो आणि मातीचा वास येतो. मग नारळाला, पोफळीला बुंध्यापासून चार-पाच फुटांवर आळ्यात घाला. तूस मात्र सावकाश कुजतं, ते दिसलं म्हणून खत कच्चं समजू नका.

१८. एकदाच कायमचा सिमेंटचा कोबा करून टाकू का?

खुराड्यात करा, दाराकडे उतार देऊन. धुता येतो, उंदीर बीळ करत नाहीत. आवारात करू नका. कोंबडीला उकरायला माती लागते. आणि आपल्या दमट हवेत कोब्याला पाझर सुटतो, वरची पातळ गादी खालून भिजते. कोब्यावर गादी निदान ४ इंच हवी. शेणाने सारवणं दिवाळीनंतर ठीक, पावसात त्याचा लगदा होतो.

१९. आमच्या गावठी कोंबड्या दिवसभर मोकळ्या असतात, फक्त रात्री खुराड्यात. हे सगळं आम्हाला लागू आहे का?

आवाराचं नाही, खुराड्याचं आहे. भिजलेल्या कोंबड्या संध्याकाळी आत शिरतात आणि पिसांतलं पाणी आत सोडतात. दारासमोर तीन-चार फूट पडवी काढा, तिथे त्या अंग झाडतात. दांडी, खालचा पत्रा (प्रश्न १५) आणि छपराखालची फट (प्रश्न ५) एवढं जमलं की पुरे. डालग्याखाली कोंडत असाल तर डालगं रोज जागा बदलून ठेवा.

२०. खाऱ्या वाऱ्याने जाळी दोन वर्षांत गंजते.

किनाऱ्यालगत प्लास्टिकचा लेप असलेली जाळी घ्या आणि जमिनीला टेकू देऊ नका. खाली चिऱ्याची एक ओळ, तिच्यावर जाळी. मातीत पुरलेली आणि शिटेने भिजलेली जाळी आधी गळते आणि मुंगूस तिथूनच शिरतं. खालच्या दोन फुटांना अर्धा इंची वेल्डमेश लावा.

२१. आमची जमीन खाडीकाठची आहे. एक फूट खणलं की पाणी लागतं. चर काढून उपयोग होईना.

इथे वरचे बरेचसे नियम बदलतात. चराला पाणी सोडायला खाली जागाच नाही, आणि उधाणाच्या भरतीला चरातून पाणी उलटं आत येतं. खडी टाकली तर तीही पाण्यात बुडून राहते. अशा जमिनीत खणू नका, वर चढा.

दोन वाटा आहेत. चिऱ्याच्या दोन-तीन ओळींचा चौथरा बांधून आत तुकडे आणि मुरूम भरून एक-दीड फूट उंच करा, मग त्यावर प्रश्न ६ आणि ८ प्रमाणे थर. आजवरचं उधाणाचं पाणी जिथपर्यंत आलं त्या खुणेच्या निदान वीतभर वर गादी यायला हवी. दुसरी आणि स्वस्त वाट म्हणजे मचाण: दोन-अडीच फूट उंच खांबांवर बांबूच्या किंवा चिरलेल्या पोफळीच्या पट्ट्यांची जमीन, पट्ट्यांत पाऊण इंच फट. एक इंचाच्या वर फट ठेवली तर पाय अडकतो. अर्ध्या इंचाच्या खाली ठेवली तर शीट वरच अडकते. पट्ट्यांच्या कडा तासून गुळगुळीत करा, कुसळांनी तळव्याला गळू होतं.

मचाणाखालची शीट तीन-चार दिवसांनी ओढून काढायला एक बाजू मोकळी ठेवा. खाली पातेऱ्याचा जाड थर घालून ठेवला तर ती उचलणं सोपं जातं. उधाणाच्या आदल्या दिवशी मात्र सगळं काढून घ्या, नाहीतर ते खाडीत तरी जातं किंवा शेजारच्या अंगणात तरी.